अटॅचमेंट थिअरी कामात आणि घरात उतरवायची कशी?

प्रश्न: मी बालक-पालक समुपदेशक आहे. अलीकडेच अटॅचमेंट थिअरीचं, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी जवळची माणसं यांच्यात जुळणाऱ्या बंधाविषयीच्या विचाराचं, प्रशिक्षण घेतलं आणि हे सगळ्यांपर्यंत पोचायला हवं असं मनापासून वाटायला लागलं. संस्थेत दोन व्याख्यानं दिली. पहिल्या वेळी काही आया रडल्या, दुसऱ्या वेळी सहकारी म्हणाले, "दर वर्षी नवी थिअरी येते." पुढे पाळणाघरं आणि शाळांसोबतही काम करायचं आहे. घरी मात्र तीन वर्षांच्या मुलीवर माझा आवाज चढला की रात्रभर वाटत राहतं, मी हिचं कायमचं नुकसान करतेय. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

पहिली सूचना हीच, की व्याख्यानं काही महिने थांबवा. विषय सांगण्याजोगा आहेच, पण तो ऐकून फारसा पटत नाही, डोळ्यांनी बघून पटतो. आणि पटल्यावरही संस्थेच्या रोजच्या व्यवस्थेत काही बदललं नाही, तर सहकाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं: आणखी एक थिअरी आली आणि गेली.

या विचाराचा स्वतःचा प्रवासही असाच झाला. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान वयात आईपासून तुटलेल्या मुलांवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. अहवाल खूप गाजला. पण सामान्य घरांपर्यंत त्यातलं जे झिरपलं, ते बरंचसं भीतीच्या रूपात: बाळाला सोडून बाहेर पडलात तर त्याचं आयुष्य बिघडेल. जो समाज मुलांची कदर करतो त्याने त्यांच्या आईवडिलांनाही जपलं पाहिजे, असंही बोल्बींनी त्याच अहवालात म्हटलं होतं. ते वाक्य मागे पडलं आणि भीती पुढे आली. तुमच्या व्याख्यानात ज्या आया रडल्या, त्यांच्यापर्यंत हीच भीती पोचली असणार.

त्याच सुमाराला बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी एका दोन वर्षांच्या मुलीचं रुग्णालयातलं आठ दिवसांचं वास्तव्य कॅमेऱ्यात टिपलं, तो चित्रपट 1952 साली आला. तेव्हा रुग्णालयात लहान मुलांना भेटायला पालकांना फार कमी वेळ मिळायचा. मुलं थोडी रडतात, मग रुळतात, असा सर्वांचा समज होता. ही मुलगी मोठ्याने फारशी रडतही नव्हती. पण एकेका दिवसागणिक तिचा चेहरा मिटत गेलेला त्या चित्रणात दिसतो. निवडक तुकडे दाखवले असा आरोप होऊ नये म्हणून रॉबर्टसन रोज ठरावीक वेळी चित्रण करत आणि भिंतीवरचं घड्याळही चौकटीत ठेवत. पहिल्यांदा ते डॉक्टरांना दाखवलं तेव्हा बरेच डॉक्टर चिडले. तरीही ते दाखवत राहिले. 1959 साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने शिफारस केली की मुलांना भेटायला पालकांना मोकळीक असावी आणि लहान मुलांच्या आईला सोबत राहता यावं. नियम लगेच बदलले नाहीत, त्याला बरीच वर्षं लागली, पण बदलले.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की मूल दाखवायचं आणि मग एखादा नियम बदलायचा. तुमच्या संस्थेत, पाळणाघरात, शाळेत आणि घरीसुद्धा हा क्रम चालतो.

पण बघायचं काय, हे आधी ठरवायला हवं. प्रशिक्षणात बहुतेक वेळ बंधाचे प्रकार शिकवण्यात जातो: सुरक्षित (मूल जवळ येऊन शांत होतं), टाळणारा (ओढ लपवतं), द्विधा (चिकटतं, पण शांत होत नाही), विस्कळीत (ठरावीक रीतच दिसत नाही). मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आया आणि बाळांचं घरी जाऊन दीर्घ निरीक्षण केलं. त्यानंतर त्यांनी एक छोटी चाचणी बसवली. साधारण एक ते दीड वर्षाचं मूल, अनोळखी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई, आणि आईचं दोनदा थोडा वेळ बाहेर जाऊन परत येणं. सगळं मिळून वीसेक मिनिटं. त्यातून पहिले तीन प्रकार आले, चौथा नंतर मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी 1980 च्या दशकात मांडला. संशोधनासाठी ही चाचणी फार मोलाची आहे. पण ती वापरायला दीर्घ प्रशिक्षण लागतं, ती एका विशिष्ट वयासाठी आहे, आणि ती एका मुलाच्या एका माणसाशी असलेल्या नात्याबद्दल बोलते. तेच मूल आईपाशी टाळणारं आणि वडिलांपाशी सुरक्षित असू शकतं. म्हणजे "हे मूल असुरक्षित आहे" हे वाक्यच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर कुणी मुलांना प्रकार चिकटवू लागलं, की मला खरोखर काळजी वाटते.

प्रकारांऐवजी मी सहकाऱ्यांना दोन हालचाली बघायला शिकवते. मूल मोठ्या माणसापासून दूर जातं, जग धुंडाळायला, आणि परत येतं, धीर घ्यायला. दूर जाताना त्याला कुणीतरी पाठीशी हवं असतं, परत येताना कुशी हवी असते. काही मोठ्या माणसांना पहिलं जमतं आणि दुसरं अवघड जातं, काहींचं उलट. पालक समोर बसले की "तुमचा बंध कसा आहे" असं न विचारता "ती पडली की कुणाकडे जाते? आणि खेळायला निघाली की तुम्हाला काय वाटतं?" असं विचारा. दोन वाक्यांत बरंच काही कळतं.

आता पाळणाघर, कारण मला विचाराल तर सुरुवात तिथेच करावी. रोज सकाळी ताटातूट आणि रोज संध्याकाळी भेट, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. संध्याकाळच्या वेळी दाराशी उभ्या राहा. दीड वर्षाचा एक मुलगा ठोकळे घेऊन बसला आहे. आई दारात येते. तो क्षणभर तिच्याकडे बघतो आणि मान खाली घालून एक ठोकळा उचलतो. ती जवळ येऊन त्याला कडेवर घेते तर तो अंग जरा मागे टाकतो आणि तिच्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या गाडीकडे बोट दाखवतो. पाळणाघरातल्या ताई कौतुकाने म्हणतात, "शहाणं बाळ आहे हो, दिवसभर रडलं नाही." आईचा चेहरा पडलेला. आता त्याच्या हातातला ठोकळा बघा. तो ठोकळा कुठे रचायचा, कशावर ठेवायचा, याकडे त्याचं लक्षच नाही. नुसता हातात फिरवतोय. 1977 साली ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. बाहेरून शांत, खेळण्यात रमलेली दिसणारी मुलं, पण ठोके वाढलेले. रडत नाही म्हणजे ताण नाही, असं नसतं. आपली ओढ दाखवून काही उपयोग होत नाही असं एखाद्या मुलाला वाटू लागलं असेल, तर ते ती लपवायला शिकतं.

हे एकदा दिसलं की पाळणाघराच्या ताई "शहाणं बाळ" हे शब्द जरा जपून वापरू लागतात, हा माझा अनुभव आहे. पण इथेच एक सावधगिरी: एका संध्याकाळवरून काहीही ठरत नाही. मूल दमलेलं असेल, भुकेलं असेल, खरंच खेळात गुंतलेलं असेल. कित्येक दिवस बघायचं, वेगवेगळ्या वेळी बघायचं. आणि बघून झाल्यावर निदान करायचं नाही, भेट थोडी सोपी करायची. आई यायच्या पाच मिनिटं आधी ताईंनी त्याला सांगायचं, "आई येतेय हं." आईने आल्याबरोबर चपला घालायची घाई न करता दोन मिनिटं जमिनीवर त्याच्या शेजारी बसायचं, फोन पर्समध्ये. तो आला तर घ्यायचं, नाही आला तर थांबायचं. "मला ओळखलं नाहीस का रे?" असं लाडानेसुद्धा म्हणायचं नाही. काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची भेट बदलते, आणि आईचीही.

सकाळचा निरोप याहून महत्त्वाचा. बर्लिनमध्ये 1980 च्या दशकात पाळणाघरात रुळवण्याची एक पद्धत बसवली गेली आणि ती पुढे बरीच पसरली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत साधारण तासभर पाळणाघरात थांबतात आणि त्याला घेऊनच परत जातात. त्या वेळात ठरलेली ताई हळूहळू ओळख वाढवते. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोडा वेळ खोलीबाहेर जातात. मूल रडलं आणि ताईने घेतल्यावर शांत झालं तर पुढचे दिवस हा वेळ वाढवत न्यायचा. ताईकडून शांत होत नसेल तर रुळण्याचा काळ लांबवायचा. इथे मूल रडलं की नाही हे बघायचंच नसतं. ते ताईकडून धीर घेऊ शकतं का, एवढंच बघायचं असतं. लपून निघून जाणं मात्र पूर्ण बंद. मागच्या दाराने निसटलेली आई त्या दिवसाचं रडणं वाचवते, पण दुसऱ्या दिवशी मूल खेळता खेळता दाराकडे बघत राहतं.

2004 साली लीझेलोट्टे आनर्ट आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो मी प्रत्येक पाळणाघरचालकाला सांगते. आई सोबत थांबत होती त्या दिवसांत, आईशी सुरक्षित बंध असलेल्या मुलांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, इतरांपेक्षा कमी राहिलं. आई निघून जाऊ लागल्यावर मात्र सगळ्याच मुलांचं कॉर्टिसॉल घरच्यापेक्षा बरंच वाढलं. म्हणजे घरचं नातं चांगलं असलं की पाळणाघर सोपं जातं, हा समज अर्धाच खरा. आधार त्या खोलीत प्रत्यक्ष हजर असावा लागतो, आणि आई गेल्यावर तो ताईने व्हावं लागतं.

म्हणून प्रत्येक मुलामागे एक ठरलेली ताई, आणि ती रजेवर असली तर दुसरी ठरलेली. खाऊ घालणं, कपडे बदलणं, झोपवणं शक्यतो तिच्याकडेच. चालकांचा हमखास आक्षेप येतो: "मूल एकीला चिकटलं तर बाकीच्यांकडे जाणार नाही." रुडॉल्फ शाफर आणि पेगी एमर्सन यांनी ग्लासगोमध्ये 60 बाळांचा अभ्यास करून 1964 साली दाखवलं की दीड वर्षाचं होईपर्यंत बहुतेक मुलांचा बंध एकाहून अधिक माणसांशी जुळलेला असतो: वडील, आजी-आजोबा, भावंडं, शेजारी. मुलाला अनेक माणसं चालतात. रोज नवा हात त्याला झेपत नाही. निवासी बालगृहात तर हा जगण्याचा प्रश्न होतो. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या प्रकल्पात संस्थेतली 136 लहान मुलं अभ्यासात घेतली. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या निम्म्या मुलांना प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवलं. कुटुंबात गेलेल्या मुलांचे बंध सुधारले, आणि जी मुलं साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचे अधिक. बालगृहासोबत काम करायची संधी मिळाली तर बाकी सगळं सोडून आधी पाळ्यांचं वेळापत्रक मागून घ्या. एका मुलाला आठवड्यात किती वेगवेगळे हात लागतात, ते त्यात दिसेल.

आता पालकांशी बोलणं. आया रडल्या, कारण व्याख्यानात त्यांना मुलाऐवजी स्वतःच्या चुका दिसल्या. एकेका घरासोबत काम करताना मी छोटा व्हिडिओ वापरते. पालक आणि मूल पाच-दहा मिनिटं नेहमीसारखे खेळतात, आणि मी त्यातला जमून आलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडते. एक वडील होते, "मला मुलातलं काही कळत नाही, ते खातं बायकोचं," असं म्हणणारे. तुकड्यात मुलगा डब्याचं झाकण उघडायला बघतोय, जमत नाही, तो मान वळवून वडिलांकडे बघतो. वडील हात पुढे करत नाहीत, भुवया उंचावतात. मुलगा परत झाकणाला भिडतो. मी तिथेच चित्र थांबवलं.

"इथे त्याने तुमच्याकडे का बघितलं?"

"विचारत असेल, करू का म्हणून."

"आणि तुम्ही?"

"मी तर काहीच केलं नाही."

"तुम्ही तिथे होतात, आणि घाई केली नाहीत. मग त्याने काय केलं?"

त्यांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

हे माझं एकटीचं तंत्र नाही. मारियन बाकरमन्स-क्रॅनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2003 साली 70 अभ्यास एकत्र तपासले. मुलाचा इशारा ओळखणं आणि त्याला वेळेवर, योग्य प्रतिसाद देणं, एवढ्यावरच लक्ष ठेवणारे थोडक्यातले कार्यक्रम लांबलचक आणि सगळीकडे हात घालणाऱ्या कार्यक्रमांपेक्षा सरस ठरले. अडचणीतल्या कुटुंबांतही हेच दिसलं. तुमच्या संस्थेकडे वेळ आणि पैसा कमी असेल तर हा निष्कर्ष धीर देणारा आहे.

अपराधी वाटणाऱ्या पालकांसमोर आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी: आईच्या वागण्यातून सगळं ठरत नाही. डी वुल्फ आणि व्हॅन आयझेंडूर्न यांनी 1997 साली 66 अभ्यास एकत्र करून बघितलं. आईची संवेदनशीलता आणि बाळाच्या बंधाची सुरक्षितता यांचा सहसंबंध सुमारे 0.24 निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण). संबंध आहे, खरा आहे, आणि मर्यादित आहे. बाकी वाटा परिस्थितीचा आहे, इतर नात्यांचा आहे, मोजमापातल्या त्रुटींचाही आहे. शिवाय 2023 सालच्या शेरी मॅडिगन आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या विश्लेषणात, एन्सवर्थ यांची चाचणी झालेल्या वीस हजारांहून अधिक पालक-मूल जोड्यांपैकी जेमतेम निम्म्याच सुरक्षित गटात होत्या. असुरक्षित बंध हा आजार नाही. जगभरातल्या लक्षावधी धडधाकट माणसांचं बालपण तसं गेलं आहे. तो एक जोखमीचा घटक आहे, आणि नाती बदलली की तोही बदलू शकतो.

बाळाला अंगाशी बांधून फिरणं, रात्री एकत्र झोपणं, दीर्घकाळ अंगावर पाजणं, यालाही काही जण हीच थिअरी समजतात. ज्यांना हे जमतं आणि आवडतं त्यांनी आनंदाने करावं, झोपेच्या बाबतीत सुरक्षिततेचे नियम पाळून. पण बोल्बी आणि एन्सवर्थ यांच्या मांडणीत यातली एकही गोष्ट अट म्हणून नाही. ज्या आईला अंगावर पाजता आलं नाही तिला हे स्पष्ट शब्दांत सांगा.

मोठ्यांच्या नात्यांबद्दल थोडक्यात. सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी 1987 साली प्रेमसंबंधांना हा विचार लावला आणि पुढे त्यातून चांगलं काम उभं राहिलं. पण ऑनलाइन प्रश्नावली भरून "मी टाळणारा, ती चिकटणारी" असं ठरवणं म्हणजे भांडणासाठी दोन नवे शब्द मिळवणं. प्रश्नावलीतून येणारा निष्कर्ष आणि बालपणाबद्दलच्या सखोल मुलाखतीतून येणारा निष्कर्ष एकमेकांशी फारच थोडे जुळतात, हे संशोधनात दिसलेलं आहे. जोडप्यांना प्रकार सांगू नका. भांडण पेटायच्या आधीच्या मिनिटात प्रत्येकाला कसली भीती वाटली, ते विचारा.

धोक्याच्या जागांबद्दल मात्र थोडक्यात भागणार नाही. "अटॅचमेंट थेरपी" या नावाखाली मुलांना जबरदस्तीने धरून ठेवणं, कोंडणं असे प्रकार झाले आहेत. 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये अशाच एका "पुनर्जन्म" सत्रात दहा वर्षांची मुलगी गुदमरून मेली, आणि पुढच्या वर्षी त्या राज्यात ही पद्धत कायद्याने बंद झाली. त्या प्रकारांचा बोल्बींच्या विचाराशी काहीही संबंध नव्हता. मुलाला घाबरवून बंध जुळत नाही. ज्याच्याकडे धीरासाठी जायचं तोच भीतीचं कारण झाला तर मूल कोंडीत सापडतं, हे तर याच क्षेत्रातल्या संशोधनाने दाखवलं आहे. तुमच्या गावात, तुमच्या परिचयात कुणी असं काही "थेरपी" म्हणून करत असेल तर ठामपणे विरोध करा.

दुसरी जागा म्हणजे अहवाल. ताबा, दत्तक, बालसंरक्षण अशा प्रकरणांत समुपदेशकाचा एक शब्द मुलाचं घर बदलू शकतो. 2017 साली या क्षेत्रातल्या अनेक प्रमुख संशोधकांनी एकत्र येऊन सांगितलं की "विस्कळीत बंध" हे वर्गीकरण एकेका मुलाच्या बाबतीत छळाचा पुरावा म्हणून वापरू नये. 2021 साली अशाच एका मोठ्या गटाने कौटुंबिक न्यायालयांच्या कामाबद्दल निवेदन काढलं. तुम्ही अहवालात "आईशी असुरक्षित बंध" असं लिहू नका. लिहा: "आई आल्यावर मुलगी दाराकडे चार पावलं गेली, थांबली, भिंतीकडे वळली. आईने नाव घेऊन हाक मारली. साधारण मिनिटभराने मुलगी आईच्या शेजारी येऊन उभी राहिली." तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, मूल आजारी होतं का. आणि त्याच मुलीला निदान आणखी दोन वेळा, वेगळ्या जागी बघितल्याशिवाय मत देऊ नका.

सहकाऱ्यांबद्दल. दिवसभर दुसऱ्याच्या मुलांचं रडणं अंगावर घेणाऱ्या ताईला स्वतःला कुणी विचारतं का? महिन्यातून दोनदा तासभर बसा. एक जण एकाच मुलाची एकच घटना सांगेल. बाकीच्यांनी आधी फक्त विचारायचं: मूल काय करत होतं, तुला त्या क्षणी काय झालं? सल्ला शेवटच्या दहा मिनिटांत. "हा मुलगा मला मुद्दाम छळतो" असं म्हणणाऱ्या शिक्षिकेला थिअरी सांगून काही होत नाही. पण तो छळायला लागतो ते रोज सुट्टी संपताना, असं तिला स्वतःच्याच सांगण्यातून दिसलं, की ती दुसऱ्या दिवशी सुट्टी संपायच्या आधी त्याच्या जवळ जाऊन उभी राहते. शाळेत वर्गाबाहेर काढण्याची शिक्षाही याच बैठकीत तपासा. ज्याला मोठ्यांचा भरवसा सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त वेळा दाराबाहेर उभं केलेलं आढळेल. पाळणाघरात असो की शाळेत, कार्यकर्त्यांना टिकवणं हाही याच थिअरीचा भाग आहे. ताई वर्षातून तीनदा बदलत असतील तर तुमचं प्रशिक्षण मुलांपर्यंत पोचत नाही.

आणि आता तुमची मुलगी. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाच्या खेळाचं क्षणाक्षणाने विश्लेषण केलं. चांगलं नातं असलेल्या जोड्यांतही दोघांचा सूर साधारण तीस टक्के वेळच जुळलेला असतो. उरलेला वेळ चुकणं आणि पुन्हा जुळवणं चालू असतं. सूर तुटला आणि परत जुळला, हे मूल पुन्हा पुन्हा अनुभवतं, आणि त्यातूनच त्याचा भरवसा तयार होतो. तेव्हा रात्रभर जागून काही साधत नाही. जुळवून घ्यायला मात्र शिकायला हवं, आणि ते शिकता येतं.

आवाज चढल्यावर आधी स्वतः शांत व्हा. मग तिच्या उंचीला बसा. "मघाशी मी जोरात ओरडले. तू घाबरलीस ना? मी दमले होते. ओरडायला नको होतं." एवढंच. तीन वर्षांच्या मुलीला याहून जास्त लागत नाही. "पण तू ऐकत नाहीस ना" ही शेपूट जोडू नका. "आई वाईट आहे का गं?" असंही विचारू नका, कारण मग तुम्हाला धीर देण्याचं काम तिच्यावर येतं. ती अजून रागावलेली असेल आणि "जा" म्हणाली, तर जवळपास थांबा: "बरं, मी इथेच आहे." नियम मात्र तोच राहू द्या. रस्त्यावर हात सोडायचा नाही म्हणजे नाही. माफी ओरडण्याची मागायची, नियमाची नाही. ओरडणं रोजचं होत असेल, मुलगी तुमच्या चाहुलीने दचकत असेल, किंवा हात उगारला जात असेल, तर ते जुळवून घेण्याच्या पलीकडचं आहे. तेव्हा स्वतःसाठी मदत घ्या, आणि लवकर घ्या. आपण समुपदेशक असलो तरी ती लागू शकते.

स्वतःचं बालपण खडतर गेलं असेल तरी मुलांसोबत तेच घडतं असं नाही. मुलाखतींवर आधारलेल्या संशोधनातून दिसतं की ज्यांना आपल्या लहानपणाची गोष्ट, दुःखासकट, न लपवता आणि न वाहवत जाता सांगता येते, त्यांच्या मुलांचे बंध बऱ्याचदा सुरक्षित निघतात. ही गोष्ट एखाद्या विश्वासातल्या माणसाला मोठ्याने सांगून बघा. कुठे आवाज अडतो ते लक्षात ठेवा. मुलीच्या बाबतीत तुमचा तोल बहुधा त्याच ठिकाणी जात असेल.

घरात दुसरं मोठं माणूस असेल तर त्याच्याशी एक खूण ठरवून ठेवा. तोल जातोय असं जाणवलं की ती खूण करायची आणि त्याने कसलाही प्रश्न न विचारता येऊन बसायचं. खोलीतून जाताना मुलीला सांगून जा: "मी पाणी पिऊन पाच मिनिटांत येते, बाबा इथे आहे." पाच मिनिटं म्हणालात तर पाच मिनिटांत या. जास्त वेळ हवा असेल तर तेही आधीच सांगा.